पिवळ्या खाटेवरचा ओला शर्ट

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पस्तीस वर्षांच्या एका मेंढपाळाला आणण्यात आलं. सोबत त्याची बायको होती. चार वाजून वीस मिनिटांनी तो मरण पावला. मधल्या साडेतीन तासांत काय घडलं हे कळायला मला चार दिवस लागले. पुढे नोकरी संपली, गणवेश ट्रंकेत गेला. हे प्रकरण मात्र ट्रंकेत ठेवता आलं नाही.

त्या वेळी मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. रुग्णालयाच्या आवारातली पोलीस चौकी आमच्याच हद्दीत येत असे. ती चौकी मला नवी नव्हती. काही वर्षांपूर्वी उपनिरीक्षक असताना मी तिथलं काम पाहिलं होतं.

अपघात विभागाचं काम बाहेरच्या माणसाला गोंधळाचं वाटतं. तसं ते नसतं. दारातच एक टेबल आणि त्यामागे एक सिस्टर. ती तीन गोष्टी विचारते. काय झालं, कधी झालं, आधीचा काही आजार आहे का. विचारता विचारता ती नाडी आणि श्वास पाहते आणि रंग ठरवते. लाल म्हणजे आत्ता, या मिनिटाला. पिवळा म्हणजे थोडं थांबलं तरी चालेल. हिरवा म्हणजे बाकावर बसा. केसपेपर नंतर निघतो. पैसे, आधार कार्ड, पोलीस, सगळं नंतर. विषबाधा, मारहाण, भाजणं किंवा अपघात असेल तर डॉक्टर चौकीला कळवतात आणि रजिस्टरला पोलीस प्रकरण म्हणून नोंद होते. या नोंदीसाठी उपचार थांबत नाहीत. नियम असा आहे. लोकांना तो खरा वाटत नाही.

त्या मंगळवारी टेबलावर पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. पुढचा तपशील त्यांच्या, डॉक्टरांच्या आणि वॉर्डबॉयच्या जबाबातून घेतला आहे.

टमटममधून उतरवलेला माणूस शुद्धीवर होता, पण मान धरत नव्हता. अंगावरचा शर्ट ओलाचिंब होता. डोक्याला आणि छातीला ओला टॉवेल गुंडाळलेला होता.

"काय झालं?"

"ऊन लागलं, बाई," बायको म्हणाली. "सकाळपासून मेंढरात हुते. दोनदा उलटी झाली."

"काही खाल्लं, प्यायलं?"

"भाकर खाल्ली. पानी पेले. बाकी काय बी न्हाई."

त्या दिवशी उन्हाचे तीन रुग्ण आधीच आत होते. त्याला पिवळा रंग मिळाला. पंख्याखालची खाट, सलाईन, कपाळावर गार पाण्याची पट्टी. शर्ट ओला का आहे, हे कुणी विचारलं नाही. ऊन लागलेल्या माणसाच्या अंगावर पाणी ओततातच.

एक वाजता जीप उलटून जखमी झालेले चौघे आले. डॉक्टर एकच होते. मागून आलेल्या, धाप लागलेल्या एका म्हाताऱ्याला आधी आत घेतलं तेव्हा दारात त्यांच्या नातेवाइकांचा आवाज चढला. "आमी आधी आलोत बे, त्या म्हाताऱ्याला कावून आत घेतलं?"

वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत म्हणाला, "हितं एस.टी.ची रांग न्हाई, पाव्हणं. ज्याचा श्वास कमी, त्याचा नंबर आधी. तुमी बोलताय म्हंजे तुमी बरे हाव."

दीड वाजता सिस्टर पिवळ्या खाटेपाशी गेल्या. त्यांच्या जबाबातलं वाक्य असं आहे: "ऊन बाधलेल्याचं अंग बहुधा कोरडं आणि तापलेलं लागतं. याला घाम फुटला होता आणि तोंडातून लाळ गळत होती." त्यांनी पापणी उचलून पाहिली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेतलं. "ताई, खरं सांगा. फवारणीचं औषध घेतलंय का यांनी?"

"न्हाई हो."

"रागावले होते का? घरात काही बोलणं झालं?"

"न्हाई. लेकराची शपथ, त्येनी काय बी पेलं न्हाई. ऊनच लागलंय."

डॉक्टरांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी रुग्णाला लाल खाटेवर घेतलं, नाकातून नळी घालून पोट धुतलं आणि उताऱ्याचं इंजेक्शन सुरू केलं. चौकीला फोन केला. हवालदार वही घेऊन आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हवालदार, तुमचा पेन नंतर. आधी माझी सुई."

पोटातून पाणी आणि भाकरीचे कण निघाले. औषधाचा वास आला नाही. इंजेक्शननं बाहुली थोडी मोठी व्हायची, श्वास सुधारायचा आणि वीस मिनिटांत माणूस पुन्हा खाली जायचा. असं तीनदा झालं. डॉक्टरांनी पुढे मला सांगितलं, "पोट रिकामं करूनही विष कुठून तरी आत जातच होतं. कुठून, ते मला कळेना. हातात जीपचे चार जखमी होते." शेवटी श्वासासाठी नळी घातली. चार वाजून वीस मिनिटांनी सगळं थांबलं.

मयताचा मोठा भाऊ तीनच्या सुमारास आला होता. तो तेलगावच्या बाजूला शेती करत असे. संध्याकाळी त्यानं ठाण्यात येऊन लेखी संशय दिला.

"आदल्या दिवशी भांडान झालतं, साहेब. तिला भावकीतल्या लग्नाला माहेरी जायाचं हुतं, ह्यो न्हाई म्हनला. सकाळी चहा तिनंच दिला. दागतर इचारतोय, इख पेला का, तर ही म्हनती ऊन लागलं. कावून खोटं बोलली?"

प्रश्न बरोबर होता. विषाची लक्षणं डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि बायकोनं विष दोनदा नाकारलं होतं. घरात भांडण झालं होतं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ती खुनाच्या गुन्ह्यात बदलायची का, हे मला ठरवायचं होतं. तिला दोन मुलं होती, मोठी सात वर्षांची.

बुधवारी सकाळी शवविच्छेदन झालं. पोटात वास नाही, तोंड-घशाला काही नाही. व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव आणि रक्त यांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला. त्याच्या अहवालाला महिने लागतात आणि तोवर गाव थांबत नाही. भाऊबंद ठाण्याच्या फाटकाशी जमले होते. "हिला आत टाका, न्हाईतर आमी मयत उचलीत न्हाई," असं सांगून गेले.

अकरा वाजता तिचा जबाब सुरू झाला. महिला कॉन्स्टेबल शेजारी होती. बाई खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात मयताचे कपडे होते. शवविच्छेदनाआधी काढलेले ते कपडे पोलिसांनी जप्त करायचे असतात. कुणीतरी ते तिच्या हातात दिले होते आणि रात्रभर शवागाराच्या ओट्यावर ती ते पोटाशी धरून बसली होती. जप्ती व्हायला हवी होती, झाली नव्हती. ती चूक माझ्या ठाण्याची.

"सकाळी काय काय केलं, सांगा."

"मेंढरं सोडली."

"मग?"

"ऊन लागलं."

"मधे काय झालं?"

"काय न्हाई झालं."

"डॉक्टर म्हणतात विष आहे."

"त्येनी काय बी पेलं न्हाई."

दीड तास हीच चार वाक्यं फिरत होती. चौकशीला बसवलेली माणसं खोटं बोलताना सहसा तपशील वाढवतात, नको ते रंगवून सांगतात. ही बाई तपशील कमी करत होती. "पेलं न्हाई" म्हणताना ती माझ्याकडे सरळ पाहायची. "ऊन लागलं" म्हणताना जमिनीकडे. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

साडेबाराच्या सुमारास तिला उलटी झाली. अंगाला घाम फुटला होता, पदर लाळेनं भिजला होता. संशय देणारा तिचा थोरला दीर दारातून ओरडला, "नाटक हाय, साहेब! काल एक थेंब गाळला न्हाई डोळ्यातून, आन् आता बघा."

महिला कॉन्स्टेबलनं मागे वळून त्याला सांगितलं, "घाम नाटकात येत न्हाई, भाऊ. व्हा बाजूला." मग मला म्हणाली, "साहेब, हिला आधी दवाखान्यात न्यावं लागतंय."

आम्ही तिला जीपमध्ये घातलं. अपघात विभागात टेबलावर त्याच सिस्टर होत्या. त्यांनी बाईला ओळखलं. गाठोडं उचलून बाजूला ठेवायला घेतलं आणि हात मध्येच थांबला. त्यांनी गाठ नाकाशी नेली. मग तिच्या पापण्या पाहिल्या.

"लाल," त्या म्हणाल्या.

पडद्याआड खाटेवर तिला घेतलं. मी पडद्याच्या कडेला उभा होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"बाळा, कशाचं औषध हे?"

बाईनं पदर तोंडावर ओढला.

"काल त्याच्या वेळी मला कळलं नाही. आज कळतंय. नाव सांग, म्हणजे मला काम करता येईल. पोरं किती?"

"दोन."

"कुणापाशी आहेत?"

"आईपाशी."

"मग सांग."

बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनीही पाहिलं.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटंही झाली नसतील. आतून सिस्टरचा आवाज आला. "कपडे काढा हिचे, सगळे. साबण आणा, पाणी आणा. हातमोजे घाला आधी. ते गाठोडं पिशवीत बंद करा, कुणी उघड्या हातानं धरायचं नाही."

मग त्या बाहेर आल्या. "गोचिडाचं औषध. मेंढ्यांना लावायचं. काल सकाळभर नवरा त्यात उभा होता."

तपासाला कलाटणी मिळाली ती अशी. मी विचारत होतो तोवर काही मिळालं नव्हतं.

डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत समजावलं. ही औषधं प्यायलाच हवीत असं नाही. कातडीतूनही अंगात जातात. घामेजलेल्या, खरचटलेल्या कातडीतून लवकर जातात. अशा रुग्णाचं पहिलं काम म्हणजे कपडे उतरवणं आणि अंग साबणानं धुणं. "मी पोट धुतलं," ते म्हणाले. "शर्ट राहिला. पाण्यानं भिजलाय असं वाटलं." मग ते वळले. आत नवीन रुग्ण आला होता.

गुरुवारी आम्ही मेंढवाड्यावर घटनास्थळाचा पंचनामा केला. दोन पंच, दीर आणि शेजारच्या वाड्यावरचा एक म्हातारा मेंढपाळ हजर होते. जमिनीत गुडघाभर खोल खड्डा, त्यात ताडपत्री अंथरलेली, तळाला दुधासारखं पांढरट पाणी उरलेलं. बाजूला बाभळीच्या फांदीत रिकामी बाटली खोचून ठेवली होती. तिच्या कागदावर किती पाण्याला किती झाकणं ते छापलं होतं. अक्षर बारीक होतं. झाकण सापडलं नाही.

म्हाताऱ्यानं सांगितलं, "लोकरीची कातरनी झाली का गोचिडं लई दिसत्यात. मेंढरू धरायचं, खड्ड्यात बुडवायचं, हातानं चोळायचं. आमी समदे असंच करतो. त्येनं औषिध अंदाजानं वतलं. मी म्हनलो, लई झालं बे. तर म्हनला, पातळ केलं तर गोचीड मरत न्हाई. हातावर कातरीच्या जखमा हुत्या. सत्तर मेंढरं धुतली एकल्यानं."

"बायको कुठे होती?"

"ती मेंढरं हाकून देत हुती. ह्यो चक्कर येऊन पडला तवा तिनंच त्येचा टावेल भिजवून गुंडाळला."

"कोणता टॉवेल?"

"कमरेचा. हात पुसायचा."

टॉवेल तोच होता. औषधाचे हात सकाळपासून ज्याला पुसले, तो तिनं गार पाण्यात बुडवून नवऱ्याच्या डोक्याला आणि छातीला गुंडाळला होता.

दीर खड्ड्याच्या काठाशी उभा होता. पंचनामा वाचून दाखवला तेव्हा त्यानं बाटली पुन्हा पाहायला मागितली. प्लास्टिकच्या पिशवीतूनच ती दाखवली.

"ही मीच आनली हुती," तो म्हणाला. "बाजारातून. त्यो म्हनला हुता, दादा, चांगली तेज बघून आन." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कागद फाडता येतो का, साहेब? मी दिलेला."

कागद फाडता येत नाही. दुसरा जबाब देता येतो. त्यानं तो दिला आणि संशय मागे घेतला. त्या दिवशी दुपारी भाऊबंदांनी मयत ताब्यात घेतलं. बाईला खाटेवरून उठू दिलं नव्हतं. अंत्यविधीला ती नव्हती.

शुक्रवारी डॉक्टरांनी तिचा जबाब घ्यायला परवानगी दिली. मी साध्या कपड्यांत गेलो. महिला कॉन्स्टेबलनं लिहून घेतलं. खाटेशेजारी तिची आई बसली होती, तिला मी उठवलं नाही.

"औषधाचं नाव का लपवलं?" मी विचारलं. "त्यांनी ते प्यायलं नव्हतं. तुमची काही चूक नव्हती. सांगितलं असतं तर..."

वाक्य मी पुरं केलं नाही. तिनं केलं.

"वाचले असते."

आई मध्ये बोलली. "तिला नगा इचारू. मला इचारा. घरात मीच सांगून ठिवलं हुतं, दवाखान्यात गेलं तर औषिधाचं नाव काढायचं न्हाई. मरूस्तवर काढायचं न्हाई."

"का?"

मग मुलीनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीनं कपाशीवर फवारायचं औषध घेतलं होतं. याच दवाखान्यात आणलं होतं. आईनं दारातच खरं सांगितलं, औषधाचा डबाही सोबत आणला होता. डॉक्टर लगेच कामाला लागले.

"दागतर चांगले हुते," ती म्हणाली. "त्यांचं काय बी म्हननं न्हाई. पन पोलीस आले आन् आईला चौकीत घेऊन गेले. जबाब द्यायला. आई म्हनली, मला पोरीपाशी बसू द्या, मंग देते. तर म्हनले, आधी जबाब. नवऱ्याचं नाव काय, सासऱ्याचं नाव काय, हुंडा मागितला का, कोन कोन मारायचं. आन् हितं ती आई आई करीत हुती. मी बाहेरगावी हुते. तिच्यापाशी कोनी नव्हतं."

आई खाटेचा लोखंडी दांडा धरून बसली होती. "चौकी कुटं लांब हाय?" ती म्हणाली. "ही बघा, खिडकीतून दिसती. पन्नास पावलं. परत आले तर चादर टाकलेली."

"मंगळवारी त्येंना आनलं तवा माझ्या डोक्यात त्येच," मुलगी म्हणाली. "औषिध म्हनलं का मला चौकीत न्हेनार. हे एकलेच राहनार. ऊन लागलं म्हनलं तर मला त्यांच्यापाशी बसू देत्याल."

तिला बसू दिलं होतं. बारा पन्नासपासून चार वीसपर्यंत ती त्याच्या उशाशी होती. टॉवेल सुकला की पुन्हा भिजवून छातीवर ठेवत होती. सिस्टरच्या जबाबात याची नोंद आहे.

"त्या वेळी चौकीत कोण साहेब होते?" महिला कॉन्स्टेबलनं विचारलं. ती नव्यानं बदलून आली होती.

"नाव ठावं न्हाई," आई म्हणाली. "वाईट बोलले न्हाईत. पानी पाजलं मला. निसतं लिहीत हुते. मान वर केली न्हाई."

जबाब वाचून दाखवला. मुलीनं सही केली.

शनिवारी तिला घरी सोडण्यात आलं. अकस्मात मृत्यूचं प्रकरण अपघात म्हणून बंद करण्याचा अहवाल मी वरिष्ठांकडे पाठवला. काही महिन्यांनी रासायनिक तपासणीचा अहवाल आला. जठराच्या नमुन्यात औषध नव्हतं, रक्तात होतं. शर्टात होतं. टॉवेलमध्ये होतं.

मी तिथे असेपर्यंत चौकीच्या हवालदारांना एक लेखी सूचना होती. अपघात विभागात रुग्ण असताना त्याच्या जवळच्या माणसाला खाटेपासून उठवायचं नाही. जबाब घ्यायचाच असेल तर तिथेच, डॉक्टर हो म्हणाल्यावर. सिस्टरनी टेबलावरच्या तीन प्रश्नांत चौथा घातला: "अंगाला काही लागलं आहे का, जनावरांचं, पिकाचं?" आणि त्यासोबत एक वाक्य: "सांगितलं तरी तुम्ही इथंच बसायचं."

शनिवारीच दुपारी मी चौकीतलं जुनं कपाट उघडून तीन वर्षांपूर्वीची फाईल काढली. मयत, वय एकोणीस. आईचा जबाब चार पानांचा आहे, अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. सुरू झाल्याची वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. संपल्याची वेळ तीन वाजता. सोबत जोडलेल्या रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूची वेळ दोन वाजून चाळीस मिनिटं आहे. जबाबाखाली डाव्या हाताचा अंगठा आईचा आहे. त्याखालची सही माझी.